ई-सातवरचं गाणं

शेवटच्या तीन दिवसांत डॅडींनी लॉरेलकडे एकच गोष्ट मागितली, आणि ती तिला देता आली नाही.

"ई-सात लाव," ते म्हणायचे. डोळे मिटलेले, ओठ सुकलेले, पण शब्द स्वच्छ.

रॉइस हॉलिफील्ड अडुसष्ट वर्षांचे होते. मूत्रपिंडांनी काम थांबवलं तेव्हा त्यांनी दवाखान्यात राहायला नकार दिला आणि पुढच्या खोलीत खिडकीखाली पलंग टाकून घेतला. तिथून समुद्र दिसत नसे, पण वारा फिरला की ऐकू यायचा. लॉरेल शार्लट शहरातली नोकरी सोडून चार दिवस रजेवर आली होती. ती त्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसायची आणि फोनवर डॅडींची गाणी एकामागून एक लावायची. ती सगळी तिला तोंडपाठ होती. लहानपणी गाडीत, अंगणात, मासे साफ करताना, डॅडींना दुसरं काही चालतच नसे. सहासष्ट सालातलं, सदुसष्ट सालातलं. हलत्या झोपाळ्यासारखा ताल, मागे सॅक्सोफोन, आणि कुणीतरी कुणाला तरी सोडून गेल्याचं गोड दुःख.

"हे नाही," डॅडी म्हणायचे.

तिने दुसरं लावलं.

"हे नाही गं."

ई-सात म्हणजे ज्यूकबॉक्सचं बटण, एवढं तिला कळत होतं. आमच्या किनाऱ्यावर त्या पिढीतली माणसं गाणी अशीच लक्षात ठेवत. गाण्याचं नाव जिभेवर येत नसलं तरी बोटाला अक्षर आणि आकडा आठवायचा. तो ज्यूकबॉक्स होता गॅस्किन्सच्या नाचघरात. वाळूत खांब रोवून उभारलेलं, तिन्ही बाजूंनी उघडं लाकडी नाचघर. एकोणनव्वदच्या वादळात ते गेलं आणि त्याच्यासोबत तो ज्यूकबॉक्सही.

तिसऱ्या संध्याकाळी फोनची बॅटरी संपली. लॉरेल इतकी दमली होती की उठून चार्जर आणायचंही तिच्या अंगात उरलं नव्हतं. खोली गप्प झाली. पांघरुणाखाली डॅडींचा उजवा पाय हळूहळू हलत होता. रोज येणारी नर्स म्हणाली, शेवटी शेवटी स्नायू असे उडतात, मनावर घेऊ नका. पहाटे ते गेले. नर्स बिचारी चांगलीच होती, पण लॉरेलला तिचा राग आला, आणि मग त्या रागाचीही लाज वाटली.

मार्चच्या अखेरीस फेय कलब्रेथचा फोन आला. फेय म्हणजे डॅडींच्या नाचाच्या क्लबची सेक्रेटरी. एकोणसत्तरीची, केस अजून तांबूस, आणि नवऱ्याला ऐकू येत नसल्यामुळे बोलणं कायम वरच्या पट्टीत.

"पोरी, मेळावा सोळा तारखेला. मला त्याच्या आधीच्या शुक्रवारपर्यंत रॉइसचं गाणं कळव."

"मला ठाऊक नाही, मिस फेय."

"ठाऊक नाही कसं? पोटची पोर ना तू त्याची?"

"ई-सात म्हणाले. तेवढंच."

फेय म्हणाली, "मग झालं की. ई-सात म्हणजे त्या तीन बहिणींचं संथ गाणं. मी माझा पहिला नवरा त्याच गाण्यावर पटवला. दुसरा पटवताना ते लावलं नाही, म्हणून तो टिकला."

लॉरेलला हसू आलं. डॅडी गेल्यापासून पहिल्यांदाच. "ते मी लावलं होतं. ते म्हणाले, हे नाही."

"तापात म्हणाला असेल. बघ हं, नीट विचार कर. वेड लोगनच्या बायकोने चुकीचं गाणं दिलं होतं. चार वर्षं झाली, अजून लोक म्हणतात, बिचाऱ्या वेडला परक्या गाण्यावर पाठवलं."

क्लबची रीतच आहे तशी. माणूस गेला की वसंतातल्या मेळाव्यात, शनिवारी दुपारी, त्याचं गाणं लागतं. सगळे कडेला सरकतात. घरचं एक माणूस एकटं मधे उतरतं, डावा हात पुढे करून, जणू समोर कुणी तो धरला आहे, आणि पहिलं कडवं तसं नाचतं. दुसऱ्या कडव्याला बाकीचे येतात. आमचा नाच, ज्याला शॅग म्हणतात, उड्या मारायचा नाही. शॅगमध्ये कमरेच्या वर माणूस जवळजवळ स्थिर असतो. जोडीदाराचा एक हात सैल धरायचा, दुसऱ्या हातात बिअरचा पेला असला तरी थेंब सांडता कामा नये. सगळं काम पावलांचं. चामड्याचे तळवे लाकडावर घासत नेतात, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, यांना कुठं जायचीच घाई नाही.

लॉरेल सोळाव्या वर्षापासून नाचली नव्हती.

तो प्रसंग तिने कधी कुणाला सांगितला नाही. मेळाव्याचीच दुपार होती. डॅडी फेयबरोबर नाचले, मग फेयच्या बहिणीबरोबर, मग आणखी कुणाकुणाबरोबर. आई नेहमीसारखी भिंतीशी बसली होती, मांडीवर पर्स, हातात गोड चहाचा पेला. ग्लेंडा हॉलिफील्ड क्लबात कधीच नाचली नाही. वीस वर्षं ती तशीच भिंतीशी बसली, आणि वीस वर्षं डॅडी दुसऱ्यांच्या बायकांना फिरवत राहिले. घामाने चमकणारा चेहरा घेऊन ते लॉरेलसमोर आले आणि हात पुढे केला. ती सगळ्यांदेखत म्हणाली, "आधी आईला विचारा."

हात तसाच राहिला थोडा वेळ. मग ते हसले आणि गेले. पुन्हा त्यांनी तिला कधी विचारलं नाही. गाडीत आई पुढे बघत म्हणाली, "तुला काही कळत नाही, लॉरेल." याहून जास्त आई कुठल्याच बाबतीत बोलत नसे. आठ वर्षांपूर्वी तीही गेली.

आता त्या रिकाम्या जागी लॉरेललाच उतरायचं होतं. दुसरं घरचं कुणी नव्हतं. पावलं चुकली तर चालणार होतं, लोकांनी समजून घेतलं असतं. पण गाणं तरी बरोबर असावं. तीन दिवस माणूस जे मागत होता, ते निदान आता त्याला मिळावं.

स्किप गॅडी हा डॅडींचा शाळेपासूनचा मित्र. त्याच्या गॅरेजमध्ये गाडी सोडून सगळं होतं. फेयही तिथं आली, कारण स्किप एकटा असला की वाटेल ते सांगतो, असं तिचं मत.

"ई-सात म्हणजे सॅक्सोफोनवालं," स्किप म्हणाला. "सुरुवातीलाच तो पठ्ठ्या असा काही फुंकायचा की माझ्या बरगड्या वाजायच्या. मी शपथेवर सांगतो."

"तुझी शपथ," फेय म्हणाली. "तू लग्नातही शपथ घेतली होतीस. तीनदा."

"बाई, माझ्याकडे पुरावा आहे."

पुरावा खरंच होता. वादळानंतर वाळूत फिरताना स्किपला ज्यूकबॉक्सचा दर्शनी पत्रा सापडला होता. गाण्यांच्या नावांच्या पट्ट्या जिच्यात ओळीने खोचलेल्या असतात, ती चौकट. त्याने ती काचेत बसवून भिंतीवर टांगली होती, खाली एक छोटा दिवाही लावला होता. लॉरेल जवळ गेली. बहुतेक पट्ट्या अजून वाचता येत होत्या. टंकलेली अक्षरं फिकट निळी पडली होती. एका पट्टीवर दोन नावं, वरचं तबकडीच्या एका बाजूचं, खालचं दुसऱ्या बाजूचं.

सॅक्सोफोनवालं गाणं होतं, पण डी-सातवर. त्याच पट्टीवर खाली ई-सात. तिथं काहीच लिहिलेलं नव्हतं.

"बघ," फेय म्हणाली. "एका घराने चुकलास."

"आणि तुझ्या तीन बहिणी कुठायत? जी-दोनवर. तू तर गल्लीच चुकलीस."

दोघं चौकटीकडे बघत राहिली. पन्नास वर्षं ज्या बटणांची शपथ वाहिली, ती बटणं तिथं नव्हती. फेयने चष्मा काढून पुसला आणि परत घातला, जणू त्याने काही बदलणार होतं.

"पाणी लागून शाई गेली असेल," स्किप म्हणाला.

"वरची ओळ राहिली आणि खालची तेवढी गेली?" लॉरेलने विचारलं.

लॉरेलने चौकट खिळ्यावरून उतरवायला लावली. मागच्या बाजूला गंज होता, वाळूचे कण होते, आणि एक पितळी पट्टी होती, ठोकून बसवलेली. 'बेलामी, संगीत यंत्रं', आणि खाली गावाचं नाव. किनाऱ्यापासून वीस मैल आत, तंबाखूच्या शेतांकडचं गाव.

"अरे हो," फेय म्हणाली. "तो माणूस. मंगळवारी यायचा तबकड्या बदलायला. उंच, काळा, कायम पांढरा सदरा." ती थांबली. "किती वर्षं बघितलं त्याला. नाव कधी विचारलंच नाही."

थॅडियस बेलामी सत्त्याऐंशी वर्षांचे होते आणि सदरा अजून पांढराच होता. लॉरेलने फोन करून वेळ घेतली होती. ते ओसरीवर तिची वाट बघत बसले होते, पुढ्यात उकडलेल्या शेंगांचं पातेलं. त्यांनी तिला समोरची खुर्ची दाखवली आणि पातेलं तिच्याकडे सरकवलं.

"गॅस्किन्सचं नाचघर," ते म्हणाले. "अठ्ठावीस वर्षं दर मंगळवारी. समोरचं दार तुमच्या गोऱ्या लोकांचं, मागचं माझं. मशीनही मागच्या दाराशीच ठेवलं होतं, म्हणजे मला तुमच्या नाचायच्या जागेवरून जावं लागू नये."

क्षमा मागावी असं लॉरेलला वाटलं, पण ती मागून तिलाच हलकं वाटलं असतं, त्यांना नाही.

"गाणी आधी मी आमच्या, काळ्या लोकांच्या किनाऱ्यावर लावून बघायचो. आमच्याकडे लोक खुर्चीवरून उठले की समजायचं, मंगळवारी हे गॅस्किन्सकडे न्यायचं. तुमचे लोक म्हणतात ना, आमच्या तरुणपणाची गाणी? म्हणू देत. माझंही तरुणपण तेच होतं." त्यांनी शेंग फोडली. "काय पाहिजे होतं तुम्हाला, बाई?"

"ई-सातवर काय होतं ते, सर."

त्यांचा हात पातेल्यावर थांबला. मग ते हसले. आवाज न करता, नुसते खांदे हलवून.

"ई-सातवर काही नव्हतं."

"पट्टी कोरी आहे, ते बघितलं मी. पण तबकडीवर?"

"तबकडीवरही काही नव्हतं. कारखान्यातच चुकलं होतं. एका बाजूला सॅक्सोफोनवालं गाणं, दुसरी बाजू मुकी. खाच आहे, सुई फिरते, पण आवाज नाही. मी ती फेकणार होतो. मिसेस गॅस्किन्स म्हणाली, राहू दे, दिवसभर हा गोंगाट ऐकून माझं डोकं उठतं, कधीतरी मीच दहा सेंट टाकून तीन मिनिटं सुखाने बसेन. म्हणून राहिली. नाव काय लिहिणार? पट्टी कोरी ठेवली."

लॉरेलच्या हातात न फोडलेली शेंग होती. "माझे वडील शेवटी तेच मागत होते. रॉइस हॉलिफील्ड."

"नाव मला नाही सांगता येणार. पण थांबा. अडुसष्टचा ऑगस्ट. दुपारी दोन-अडीचची वेळ, तेव्हा नाचघरात चिटपाखरू नसायचं, सगळे पाण्यात. मी आत आलो तर एक पोरगा आणि एक पोरगी नाचतायत. मशीनचे दिवे चालू, तबकडी फिरतेय, आणि आवाज नाही. मला वाटलं, बिघडलं. मी झाकण उघडायला गेलो तर पोरगा म्हणाला, 'मिस्टर, कृपा करून हात लावू नका, मी दहा सेंट टाकलेत.' " त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "मिस्टर म्हणाला. त्या जागेत मला कुणी मिस्टर म्हणत नसे. नाहीतर पोरं शेकड्याने बघितली मी, एकही आठवत नाही."

"मुलगी कशी होती?"

"बारीक. केस लांब, कधी कात्री न लागलेले. अंगावर कोपरापर्यंत बाह्या, त्या उन्हात. मी पोराला म्हटलं, अरे, त्या बाजूला गाणंच नाहीये. म्हणाला, ठाऊक आहे. हिचे वडील पाद्री आहेत. हिने त्यांना बायबलवर हात ठेवून शब्द दिलाय की यंत्राच्या गाण्यावर पाऊल उचलणार नाही. पोरगी लाजून लालेलाल, पण पाय थांबलेले नव्हते बरं का. मी म्हटलं, मग फुकटात नाचा की, पैसे कशाला टाकता? तर म्हणतो, पैसे टाकले नाहीत तर कुणीतरी येऊन गाणं लावेल, आणि मग हिला थांबावं लागेल. तीन मिनिटं तरी कुणाचं गाणं मधे येत नाही."

ओसरीवरून शेतं दिसत होती, नुकती लावलेली, ओळीओळींनी. लॉरेल त्या ओळींकडे बघत होती. तिच्या डोळ्यांसमोर मात्र स्वयंपाकघर होतं. जेवणं झालेली, आई ताटल्या पुसतेय, फडताळावर डॅडींचा रेडिओ चालू. डॅडी उठून तो बंद करतात. दर संध्याकाळी. लहानपणापासून लॉरेलला वाटायचं, आईला ती गाणी आवडत नाहीत म्हणून डॅडी नाइलाजाने बंद करतात. मग ती आपल्या खोलीत अभ्यासाला जायची, आणि भिंतीपलीकडून फरशीवर काहीतरी सरकल्याचा, घासल्याचा आवाज येत राहायचा. तिला वाटायचं, झाडतायत. दोघं मिळून इतका वेळ काय झाडतात, हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता.

ते पाद्री, म्हणजे आईचे वडील, वारले तेव्हा लॉरेल नऊ वर्षांची होती. त्यांच्या मागे आईने तो शब्द आणखी सव्वीस वर्षं पाळला, आणि दर रात्री जेवणानंतर मोडलाही. की मोडला नाही? आईला विचारलं असतं तर ती शांतपणे म्हणाली असती, गाणं कुठं चालू होतं?

"तो गुरुवारी सैन्यात जाणार होता," बेलामी सांगत होते. "म्हणाला, मिस्टर, ही तबकडी काढू नका, मी परत येणार आहे. आता बघा, मशीनच्या आत प्रत्येक बाजूसाठी एक काटा असतो. गाणं वाजलं की काटा एक घर पुढे सरकतो. काटा हलत नाही ती तबकडी आम्ही काढतो, धंद्याची रीतच ती. ई-सातचा काटा दोन वर्षं हलला नाही. तोवर मिसेस गॅस्किन्सही बहिणीकडे राहायला गेली होती. मी दर मंगळवारी बघायचो आणि तबकडी तशीच ठेवायचो. का, विचारू नका. त्या दोन वर्षांत आमच्या गल्लीतली चार पोरं गेली तिकडे लढाईवर, दोन आली. सत्तरच्या जूनमध्ये एकदा झाकण उघडलं, तर काटा सहा घरं पुढे. मी तिथंच मागच्या दाराशी हसत उभा राहिलो. म्हटलं, आला वाटतं."

लॉरेलने शेंग पातेल्यात परत ठेवली.

मग बेलामी काठी टेकत आत गेले आणि बऱ्याच वेळाने एक छोटी तबकडी घेऊन आले, कागदी पाकिटात. "मशीन वादळात जायच्या आदल्याच वर्षी मी जुन्या तबकड्या काढून घेतल्या होत्या. ही वाजवायला देतो. द्यायला नाही. परत आणा."

"तुम्ही याल का, सर? शनिवारी?"

"तेव्हा त्या जमिनीवर पाऊल ठेवू दिलं नाही. आता गुडघे ठेवू देत नाहीत." ते पुन्हा तसेच हसले. "नाही, बाई. तुम्ही आणून द्या आणि कसं झालं ते सांगा. मंगळवारी या. मंगळवार माझ्या सवयीचा आहे."

फेयने ऐकून घेतलं आणि डोक्याला हात लावला.

"दोनशे माणसं, लॉरेल. पाच गावांहून येणार. आणि आपण त्यांना तीन मिनिटं काहीच ऐकवायचं नाही? मशीन बंद पडलं म्हणून निम्मे बिअर आणायला जातील."

"जाऊ देत."

"रॉइसची शोभा होईल."

"मिस फेय, डॅडी तुमच्याबरोबर किती वर्षं नाचले?"

"किती म्हणजे, पस्तीस-छत्तीस. चांगला नाचायचा मेला."

"ते कधी शेवटच्या गाण्यावर तुमच्याबरोबर नाचले?"

"नाही," फेय म्हणाली. "शेवटच्या गाण्याआधी निघायचा तो. ग्लेंडाची पर्स उचलायचा आणि म्हणायचा, आम्हाला घरी काम आहे." "आणि आम्ही म्हणायचो, बायको ओढून नेते बिचाऱ्याला."

शनिवारी दुपारी क्लबाचा हॉल भरला होता. नवीन हॉल, वातानुकूलित, पण जमीन लाकडाचीच. तिच्यावर पावडर शिंपडलेली. डॅडींचे तपकिरी लोफर बूट कडेला एका खुर्चीवर ठेवले होते, तीही रीत. स्किप त्या खुर्चीशेजारी उभा होता, टोपी हातात. फेयने ध्वनिक्षेपक घेतला आणि, तिला जमेल तेवढ्या हळू आवाजात, म्हणाली, "हे रॉइसचं आहे. आणि ग्लेंडाचं. मशीन बिघडलेलं नाही. कुणी जागचं हलायचं नाही, आणि हॅरल्ड, तू बोलायचं नाहीस." हॅरल्ड म्हणजे ऐकू न येणारा दुसरा नवरा. त्याने मान डोलावली.

सुई टेकली.

लॉरेलने तबकडी घरी वाजवून बघितली नव्हती. तिला वाटलं होतं, काहीच ऐकू येणार नाही. पण कर्ण्यांमधून एक बारीक खरखर आली, थांबून थांबून येणारी, जशी ओल्या वाळूतून लाट मागे जाताना येते. कारखान्यातून ती मुकीच आली असेल. ही खरखर नंतरची होती, सुईने फिरून फिरून पाडलेली. एकेका दुपारची, एकेका दहा सेंटची.

ती मधे गेली. डावा हात पुढे केला. हात रिकामा होता आणि दोनशे माणसं बघत होती. लाज लपवायला गाणंही नव्हतं. पहिलं पाऊल चुकलं. दुसरं नुसतंच पडलं. मग खूप आतून, सहा-सात वर्षांच्या वयातून, डॅडींचा आवाज आला. त्यांच्या बुटांवर तिची मोजे घातलेली पावलं, आणि ते मोजतायत, एक-नी-दोन, तीन-नी-चार, मागे, पुढे. घाई नको. तुला कुठं जायचंय?

तिचे तळवे जमिनीवर सरकले. तो आवाज तिने ओळखला. भिंतीपलीकडचा तोच आवाज, जेवणानंतरचा, जो तिला झाडण्याचा वाटायचा. आणि आणखी एक संध्याकाळ तिला आठवली. फोन बंद पडलेला, खोली गप्प, आणि पांघरुणाखाली हलणारा तो उजवा पाय. मागे, पुढे. घाई नव्हती त्याला.

तिने हात थोडा सैल सोडला, जसा धरलेला हात सोडतात तसा. वळली. वळण बरोबर आलं.

कडवं नव्हतं, म्हणून दुसरं कडवं केव्हा आलं ते कुणालाच कळलं नाही. आधी स्किप उतरला, एकटाच, मग फेयने हॅरल्डला ओढून आणलं, मग एकेक जोडी. सत्तरीला टेकलेली माणसं, कुणाचा गुडघा नवा, कुणाची कंबर दुखरी, आणि तोंडाने कुणी चकार शब्द काढत नव्हतं. नुसते तळवे. शंभर जोड्यांचे तळवे पावडर पडलेल्या लाकडावर घासत होते, एकाच तालात, आणि तो ताल कुठून येत होता हे कुणी विचारत नव्हतं. डोळे बहुतेकांनी मिटले होते. प्रत्येक जण आपापल्या दुपारी गेला होता, तिन्ही बाजूंनी उघड्या नाचघरात, समुद्राच्या कडेला.

ध्वनियंत्रावरच्या माणसाने फेयकडे बघून हात वर केला. तबकडी संपली होती. बहुधा केव्हाच संपली होती. पुढचं गाणं लावू का, असं तो खुणेने विचारत होता.

फेयने नाचता नाचता मान हलवली. नाही.